दमसास, तीन गोळे आणि पेटीचा भाता

लष्करवासी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आई 78 वर्षांची. दौलतगंजात घरच्या ओसरीवर चाळीस वर्षं गाणं शिकवलं तिनं. या जानेवारीत ग्वाल्हेरच्या थंडीनं गाठलं, न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात काढून घरी आली. निघताना हातात प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळा, बाजूला वळ्यावळ्यांची नळी. "दिन में दस बार करवाना." काय करवायचं, ते सांगायला कुणाला सवड नव्हती.

आईनं दोन दिवस त्यात फुंकलं. गोळे ढिम्म. तिसऱ्या दिवशी भडकली. "जन्मभर पोरांना दमसास शिकवला आणि मला हा गोळा हलवता येईना!" संध्याकाळी भाचा आला, अकरावीत आहे, बायोलॉजी घेतलंय. त्यानं नळी तोंडात धरली आणि फुंकायच्या ऐवजी ओढली. तिन्ही गोळे टणकन वर. आई त्याच्याकडे बघतच राहिली.

तेव्हापासून घरात रोज खडाजंगी. आई म्हणते फुप्फुस म्हणजे पेटीचा भाता. भाचा म्हणतो, आजी, फुप्फुसाला दाबणारे-ओढणारे स्नायूच नसतात, ते आपणहून काही करत नाही. मग फुगतं कसं? आणि फुगल्यावर परत बसतं कसं? आणि व्यायाम ओढायचा का, फुंकायचा का नाही? जाणकारांनी सांगावं. उत्तर आईला वाचून दाखवायचंय, म्हणून मराठीतच लिहा, कृपा होईल.

नेमका_प्रश्न

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मुरैन्याची गजक असेल तर तीही चालेल.

योगक्षेम

साधं आहे हो. श्वास पोटात भरायचा. छातीत भरतात म्हणून आजार होतात. पोट फुगलं की समजायचं हवा खाली गेली. मी वीस वर्षं करतोय, सर्दीसुद्धा होत नाही.

निवृत्त_ठोके

योगक्षेम, तुमची सर्दी तुम्हाला लखलाभ, पण हवा पोटात जात नाही. गेली तर ढेकर येते.

पोट पुढे येतं ते वेगळ्या कारणानं. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा आहे. मराठी पुस्तकांत त्याला श्वासपटल म्हणतात, आमच्या वेळी मध्यपटल म्हणायचे. वर फुगलेली घुमटी समजा, पालथ्या परातीसारखी. श्वास घेताना हा स्नायू आकसतो आणि घुमटी खाली बसते. शांत बसलेल्या माणसात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, दीर्घ श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंत. खाली आली की पोटातल्या आतड्या-बितड्यांना जागा राहत नाही, त्या पोटाची भिंत पुढे ढकलतात. पोट फुगणं ही खूण चांगली, पण ती हवेची नाही, पडद्याची.

त्याच वेळी बरगड्या उचलल्या जातात. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला वर होतात, वरच्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढे येतात. पिंजरा मोठा झाला, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित उतरला, हवा आत आली. किंचित म्हणजे किती? शांत श्वासात पाण्याच्या जेमतेम एका सेंटिमीटरइतका. पेल्यातलं सरबत स्ट्रॉनं तोंडापर्यंत आणायला याच्या दहापट लागतो.

लष्करवासी, तुमचा भाचा बरोबर आहे. फुप्फुस फुगत नाही, फुगवलं जातं. पण आईंचा भाताही पुरता चुकीचा नाही, त्याच्याकडे नंतर येतो. आता फिरायला जायची वेळ झाली.

अकरावी_ब

मीच तो भाचा. मामानं नाव न घेता लिहिलं, थँक्यू.

शाळेसाठी मॉडेल केलं होतं. दोन लिटरची बाटली तळाशी कापली, बुचाला भोक पाडून स्ट्रॉ, स्ट्रॉला आतून छोटा फुगा, आणि तळाला दुसरा मोठा फुगा कापून ताणून बांधला. तळाचं रबर खाली ओढलं की आतला फुगा फुगायला पाहिजे. माझा फुगलाच नाही. लोंबतच राहिला, वाळल्या मिरचीसारखा. सरांनी अर्धेच मार्क दिले. नंतर घरी पाहिलं तर स्ट्रॉच्या बाजूनं बुचात केसाएवढी फट होती. मेणबत्तीचं मेण ओतलं आणि लगेच फुगला. पण सबमिशन झालं होतं.

निवृत्त_ठोके

बाळा, तुझे सर अर्धेच मार्क देऊन चुकले. तुझं बिघडलेलं मॉडेल चांगल्या मॉडेलपेक्षा जास्त शिकवतं. छातीला सुऱ्याचा वार बसला, किंवा फुप्फुसाचा एखादा फोड फुटला, की नेमकं हेच होतं. बाहेरची हवा फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरते, फुप्फुस आक्रसून मुळाशी गोळा होतं आणि छाती कितीही हलवली तरी लोंबत राहतं. तुझी मिरची. डॉक्टर बरगड्यांमधून नळी घालून ती हवा काढतात, म्हणजे तुझं मेणच.

मॉडेलात एक मात्र खोटं आहे. बाटलीत फुगा आणि भिंत यांच्यामध्ये पुष्कळ हवा आहे. छातीत तिथे हवा नाहीच. फुप्फुसाला एक पातळ आवरण, छातीला आतून दुसरं, आणि मध्ये दोन-चार चमचे द्रव. दोन ओल्या ताटल्या एकावर एक ठेवून बघ. सरकतील, पण सरळ वर उचलून सुटायच्या नाहीत. फुप्फुस छातीला असं चिकटलेलं असतं.

आणि दोघांच्या ओढी उलट्या दिशेला. फुप्फुसाला सारखं आत आक्रसायचं असतं, छातीच्या पिंजऱ्याला बाहेर उघडायचं असतं. मधल्या फटीत म्हणून सदा ओढ असते, विसाव्याच्या क्षणीसुद्धा पाण्याच्या पाचेक सेंटिमीटरची, श्वास घेताना सात-आठची. श्वास सोडून झाल्यावर आपण क्षणभर थांबतो ना, तिथे ही रस्सीखेच बरोबरीत सुटलेली असते. आणि त्या वेळी छाती रिकामी नसते, धडधाकट पुरुषात दोन-अडीच लिटर हवा आत शिल्लक असते.

सराफ्यातली_ताई

इंदूरहून नमस्कार. मी फिजिओथेरपी करते, हे तीन गोळे माझं रोजचं दळण आहे. लष्करवासी, तुमच्या आई एकट्या नाहीत. दहातले निम्मे लोक आधी फुंकतातच. हातात नळी दिली की माणूस फुंकतो, बासरीपासूनची सवय!

ओढायचं का, ते सांगते. आजारपणात माणूस पाठीवर पडून असतो, दुखतं म्हणून वरवर श्वास घेतो. अशा वेळी फुप्फुसाच्या तळातले वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, हळूहळू मिटतात. ते पुन्हा उघडायचे तर बाहेरून ताणच द्यावा लागतो, आणि ताण मिळतो खोल श्वास आत घेतल्यावर. जोरात फुंकलं की उलट होतं, फुप्फुस आणखी लहान होतं, मिटायला आलेले कोश मिटतात. गोळे किती उंच जातात यापेक्षा किती वेळ वर टिकतात ते बघा. सावकाश ओढा, वर नेऊन दोन-तीन सेकंद धरा, मग सोडा. झपकन ओढून तिन्ही उडवले तर टाळ्या मिळतील, उपयोग कमी. नळ्यांवर 600, 900, 1200 लिहिलेलं असतं ते सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली त्याचं माप. पहिला गोळा सावकाश धरता आला तरी पुष्कळ झालं.

आणि बसून करवा, पाय खाली सोडून. आडवं पडलं की पोटातलं सगळं श्वासपटलावर चढतं, फुप्फुसातली विसाव्याची हवा अर्धा ते एक लिटर कमी होते. चक्कर आली तर थांबायचं, पाचसहा झाले की विश्रांती.

निरोगी माणसात हे काम आपोआप होतं, बरं का. आपण न कळत सुस्कारा टाकतो ना, तासाला दहा-बारा वेळा? दर सुस्काऱ्यात नेहमीच्या दुप्पट हवा आत जाते आणि मिटलेले कोश उघडतात. सासू म्हणायची, "सारखे उसासे काय टाकतेस, घराला अवकळा येते." तिला काय सांगू, फुप्फुसं झाडून घेतेय!

नेमका_प्रश्न

ताई, हे सासूबाईंना ऐकवलं का?

सराफ्यातली_ताई

नाही. आता त्या नाहीत. असत्या तरी ऐकवलं नसतं :)

पेटीवाला

मी जनकगंजचा. पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे नोकरी सांभाळून शौक. आईंची बाजू मांडायला आलोय.

लोक भाता म्हणतात तेव्हा त्यांना मागची घडी दिसते, हातानं हलवतो ती. पण पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, तो कुणी बघत नाही. बाहेरच्या भात्यानं हवा त्यात भरायची, आणि त्याला आतून स्प्रिंगा असतात, त्या त्याला दाबून ठेवतात. म्हणून हात थांबला तरी सूर लगेच तुटत नाही, स्प्रिंग हवा पुरवत राहते. गेल्या महिन्यात एक जुनी पेटी आली होती, मालक म्हणाले, आवाज हिंदकळतो. उघडली तर आतली एक स्प्रिंग ढिली पडलेली, भाता एका अंगाला कलंडलेला. बाहेरून सगळं चकाचक.

डॉक्टरसाहेब, फुप्फुस म्हणजे हा आतला भाता नाही का? भरायला हात लागतो, सोडायला स्प्रिंग.

निवृत्त_ठोके

वा! पेटीवाले, हेच सांगायला मी संध्याकाळपासून शब्द शोधत होतो.

शांत बसलेल्या माणसाचा श्वास घेणं हे काम आहे, सोडणं हे काम नाही. श्वासपटल सैल सोडलं की फुप्फुस आपल्या ओढीनं मागे येतं आणि अर्धा लिटर हवा बाहेर. त्यातली दीडेकशे मिलिलिटर तर नाक-श्वासनलिकेतच फिरून परत येते, आत पोचतच नाही. भात्यात हवा यायची वाट वेगळी, जायची वेगळी. आपल्याला एकच बोळ. इथे तुलना संपते.

आता स्प्रिंग कशाची? निम्म्याहून कमी ती ताणल्या जाणाऱ्या धाग्यांची आहे. बाकीची पाण्याची. हे मला स्वतःला कॉलेजात खरं वाटलं नव्हतं. 1929 साली फॉन नीरगार्डनं फुप्फुसं हवेऐवजी द्रवानं भरून पाहिली. भरायला लागणारा जोर निम्म्याहून खाली आला. का? तर वायुकोशाच्या आत पाण्याचा पातळ थर आहे, आणि पाण्याचा पृष्ठभाग आक्रसायला बघतो, जसा पानावरचा थेंब गोल होतो. हवा-पाण्याची सीमाच काढून टाकली, ओढ गेली.

आणि असे कोश किती, तर कित्येक कोटी. कमीत कमी तीस कोटी धरा. उलगडून पसरले तर पन्नास ते शंभर चौरस मीटर.

अकरावी_ब

पण मग लहान कोश मोठ्यात रिकामे व्हायला पाहिजेत ना? साबणाच्या लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो. फिजिक्समध्ये आहे.

निवृत्त_ठोके

या प्रश्नाला पूर्ण मार्क. सरांना कळव.

नुसतं पाणी असतं तर झालेच असते. म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ सोडतात, सर्फॅक्टंट. तो पाण्याची ओढ कमी करतो, आणि कोश आकसला की दाटतो, म्हणजे जितका कोश लहान तितकी ओढ कमी. 1955 मध्ये पॅटलनं फुप्फुसातला फेस बघून ओळखलं की हे बुडबुडे विचित्रच टिकाऊ आहेत. क्लेमंट्सनं 1957 मध्ये ओढ मोजली. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाला का झुंजतात: त्यांच्याकडे हा साबण पुरेसा तयारच झालेला नसतो. 1963 च्या ऑगस्टमध्ये केनेडींचं बाळ दोन दिवसांचं होऊन याच आजारानं गेलं. अमेरिकेच्या अध्यक्षाचं बाळ, आणि देण्यासारखं औषध नव्हतं. 1980 मध्ये जपानात फुजिवारांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत बाहेरून सर्फॅक्टंट घातलं.

एकतिसावा_आठवडा

फक्त वाचत होते, पण इथे राहवलं नाही. माझी मुलगी 31 व्या आठवड्यात झाली, वडोदऱ्यात. आधी मला दोन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, बाळाच्या फुप्फुसांना पिकवायला म्हणे. तरी जन्मल्यावर तिच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जायच्या, कातडीखालून मोजता यायच्या. नाकातून बारीक कण्हणं. मग नळीतून पांढरं दुधासारखं काहीतरी घातलं. मला तेव्हा कळलं नव्हतं ते काय. आज ती नऊ वर्षांची आहे, कॉलनीत सगळ्यांत जोरात ओरडते.

ते पांढरं म्हणजे साबण, हे आज कळलं. धन्यवाद.

फुंकर

उलटी बाजू मी सांगते. बाबांना सीओपीडी, फुप्फुसांचा जुनाट आजार. चाळीस वर्षं बिडी. त्यांच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, फुप्फुस मोठं झालंय म्हणून. मला वाटलं मोठं म्हणजे चांगलंच की! छाती पिंपासारखी झाली, आणि दम मात्र जिना अर्धा चढेपर्यंतही नाही.

निवृत्त_ठोके

ताई, पेटीवाल्यांची ढिली स्प्रिंग. धुरानं ते ताणणारे धागे झिजतात. फुप्फुस फुगायला सोपं होतं, परत यायला तयार नसतं. परकराचं इलॅस्टिक सैल झालं की जसं. रस्सीखेचीत एक बाजू हरली, म्हणून पिंजरा उघडाच राहतो. शिवाय हेच धागे बारीक श्वासनलिकांना चहूकडून ताणून उघड्या ठेवतात. ते गेले की सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आत कोंडते. नव्या श्वासाला जागाच नाही. बिडीच लागते असं नाही, जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांतही हेच पाहिलंय.

बाबा ओठांचा चंबू करून श्वास सोडतात का?

फुंकर

हो! कुणी शिकवलं नाही, आपोआप. आई म्हणायची, दूध गार करताय का. माझं इथलं नाव त्यावरूनच.

निवृत्त_ठोके

शहाणे आहेत बाबा. तोंडाशी वाट अरुंद केली की मागे नळ्यांत दाब टिकतो आणि त्या मिटत नाहीत. तो चंबू मोडू नका.

योगक्षेम

मान्य, हवा पोटात जात नाही. पण पोटानं घेतलेला श्वास बरा, हे तरी खरं ना?

सराफ्यातली_ताई

बऱ्याच जणांना बरा वाटतो, हो. खांदे उचलून घेण्यापेक्षा नक्कीच. एवढ्यावर तह करू या :)

लष्करवासी

सगळं आईला वाचून दाखवलं. आतल्या भात्यावर थांबवलं आणि दोनदा वाचायला लावलं. आता ती सांगतेय तसं लिहितोय:

"आमच्या गुरुजींकडे पहिलं वर्ष नुसता षड्ज. मी छाती तुडुंब भरून घ्यायची आणि सूर लावायची, की सूर सुरुवातीलाच भसकन मोठा यायचा आणि शेवटी चिरका. गुरुजी म्हणायचे, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन चालशील तर सांडणारच. थोडा कमी भर, आणि सोडायचा नाही, धरून धरून द्यायचा. हे धरणं कशानं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बरगड्या पडू देऊ नकोस, एवढंच म्हणायचे. डॉक्टरांना विचार, फुप्फुस आपणहून मागे येतं तर मी काय धरत होते?"

निवृत्त_ठोके

आईंना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न 1959 मध्ये एडिंबरात तिघांनी स्नायूंत सुया घालून सोडवला. (एकोणसाठ साल फुप्फुसांना लाभलेलं दिसतं.) खोल श्वास घेऊन माणूस बोलायला लागतो तेव्हा हवा बाहेर जात असते, तरी श्वास *घेणारे* बरगड्यांमधले स्नायू काम करतच असतात. दाबत नाहीत, ब्रेक लावतात. कारण तुडुंब भरल्यावर स्प्रिंगेची ओढ पाण्याच्या तीस सेंटिमीटरच्या वर जाते, आणि हलक्या आवाजाला कंठाखाली पाच-दहा पुरतात. जादाचं अडवलं नाही तर सूर भसकन येणारच. हवा कमी होत जाते तशी स्प्रिंग उतरते, ब्रेक सैल होतो, आणि तान लांबली तर शेवटी पोटाचे स्नायू पुढे होऊन दाबतात. तेव्हा "बरगड्या पडू देऊ नकोस" हे शरीरशास्त्रच होतं.

पेटीवाला

मग ग्वाल्हेर घराण्याचे जुने गवई हस्सू खाँसाहेब, त्यांचं खरं का? आपल्या ग्वाल्हेरात पोरासोरांना ठाऊक आहे, एका श्वासात कडक बिजलीची तान घेताना बरगडी गेली, तोंडातून रक्त आलं, आणि वडीलधाऱ्यांनी तरी तान पुरी करायला लावली.

निवृत्त_ठोके

आख्यायिका आहे, मी साक्षीदार नाही. पण जोराच्या खोकल्यानं बरगडी तडकलेले रोगी मी स्वतः पाहिलेत, आणि जोर लावताना फुप्फुसाचा कमजोर फोड फुटू शकतो. हसण्यावारी नेणार नाही.

लष्करवासी

ताजी खबर. आज सकाळी पलंगाच्या काठावर बसून, पाय खाली सोडून, आईनं ओढलं. पहिला गोळा वर गेला आणि राहिला. दुसरा अर्ध्यावर जाऊन थरथरत होता. मी तीन सेकंद मोजले, तिनं हातानं थांब म्हटलं आणि आणखी धरलं. बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. मी सोळापर्यंत पाहिल्या, मग लय कुठली ते मला कळलं नाही.

माळ्यावरची पेटी काढायला सांगितलीय. पेटीवाले, आतल्या स्प्रिंगा बघायला कधी येता?

पेटीवाला

रविवारी. बाड्यावरून बेडई घेऊन येतो, आईंना चालत असेल तर.

फुंकर

एक व्यावहारिक शंका. ते गोळ्यांचं यंत्र धुवायचं कसं? बाबांचं आतून पिवळं पडलंय.

सराफ्यातली_ताई

फक्त तोंडात धरायचा भाग, कोमट पाणी आणि साबण, नीट झटकून वाळवा. गोळ्यांच्या खोक्यात पाणी घालू नका. पिवळं पडलं असेल तर नवीनच घ्या, आणि एकाचं दुसऱ्याला देऊ नका.